धर्मा वाइंडरची विजेची सायकल

धर्मा वाइंडरच्या दुकानात शिरताना आधी त्यांच्या ओठांकडे पाहावं लागे. ओठ हलत असतील तर ते मोजतायत असं समजायचं आणि उंबऱ्याशी गप्प उभं राहायचं. जळालेल्या मोटरीत तांब्याची नवी तार भरताना किती वेढे घातले हा आकडा चुकून चालत नाही.

मला हे पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं. मी नुकतीच नर्स म्हणून कर्जतला आले होते. तेव्हा जिल्ह्याला अजून कुलाबाच म्हणत. दवाखान्यातला टेबलफॅन बंद पडला होता, तो काखेत घेऊन मी पुलाजवळच्या त्या पत्र्याच्या दुकानात गेले आणि दारातूनच मोठ्यानं विचारलं, "किती वेळ लागेल हो?"

त्यांचे ओठ थांबले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग हातातल्या गुंडाळीचे सगळे वेढे शांतपणे उलगडले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी पाऊण तास उभी. काम संपल्यावर ते म्हणाले, "बाई, चूक माजी हाय. इथं पाटी पायजे होती."

दुसऱ्या दिवशी पंखा आणायला गेले तर दाराला फळीचा तुकडा टांगलेला होता. त्यावर खडूनं लिहिलं होतं, 'मोजणी चालू असल्यास बोलू नये.'

त्यांचं आडनाव ठोंबरे, पण ते पोस्टमनखेरीज कुणाला माहीत नव्हतं. मुंबईच्या एका गिरणीत मोटर खात्यात वीसेक वर्षं काढून ते गावी परतले होते. बायको आधीच गेलेली. एकुलती मुलगी शेवंता, तिचं लग्न करून दिलेलं. अंगानं बारीक, खाकी अर्धी चड्डी, वर स्वच्छ पांढरा सदरा. बोटांना वार्निशचा वास कायमचा चिकटलेला, म्हणून भाकरीसुद्धा चमच्यानं तोडून खात. लग्नाच्या पंगतीत बसले की खिशातून स्वतःचा चमचा काढत. लोक हसायचे. ते मान खाली घालून जेवत.

मोटर उघडण्याआधी ते तिचा वास घेत. "ही पाण्यानं गेली," म्हणत, किंवा "हिची तार उंदरानं खाल्ली." कधी कधी म्हणत, "ही मेली नाय, हिला मारली हाय." म्हणजे मालकानं तिच्याकडून झेपेल त्यापेक्षा जास्त काम घेतलं होतं. असा मालक समोर उभा असला तरी ते हेच बोलत. भाताच्या गिरणीचे एक मालक त्यावरून रागावून मोटर घेऊन गेले आणि आठ दिवसांनी तीच मोटर घेऊन परत आले. तेव्हा धर्माभाऊंनी नुसता वास घेतला आणि कामाला बसले.

आणखी एक खोड होती. प्रश्नाला ते सरळ उत्तर देत नसत, उलट प्रश्न करत. पंप किती तास चालेल, असं कुणी विचारलं तर विचारत, "इहीर किती खोल? पाइप किती इंचाचा? तुमी मधी जेवायला जाता तवा बंद करता का नाय?" विचारणारा कंटाळून निघून जाई. मलाही सुरुवातीला वाटायचं की या माणसाला आपलं ज्ञान दाखवायची हौस आहे. तसं नव्हतं. हे कळायला मात्र एक वाईट प्रसंग घडावा लागला.

माझ्याकडे पळसदरीच्या बाजूची गावं आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाड्या होत्या. खात्यानं एक सायकल दिली होती. साडी नेसून सायकलवर बसणारी बाई त्या भागात मी पहिलीच, तेव्हा लोक आधी बघत, मग सवयीनं बघेनासे झाले. सपाटीला काही वाटत नसे. पळसदरीच्या पुढं वाड्यांकडे वळलं की चढ लागायचा आणि तिथं उतरून सायकल ढकलत न्यावी लागायची. पिशवीत औषधं, मागे लशींचा डबा.

धर्माभाऊंची शेवंता त्याच चढावरच्या एका वाडीत दिली होती. थंडीचे दिवस होते. सकाळी तिचा दीर धावत आला, वहिनी अडलीय म्हणाला. मी लगेच निघाले. डोंगरावरून उतरणारा वारा समोरून होता. मी पोचले तेव्हा मूल बाहेर आलेलं होतं. गळ्याभोवती नाळ. मुलगा होता. मी जे करता येतं ते सगळं केलं. तो रडला नाही. शेवंता वाचली. एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जरा आदी आली असतीस गं बाय." तिला तसं म्हणायचा हक्क होता, आणि ती खोटंही बोलत नव्हती. पाव तास आधी पोचले असते तर ते मूल बहुधा जगलं असतं.

दोन आठवड्यांनी धर्माभाऊ दवाखान्यात आले. मी उभी राहिले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"बाई, त्या दिवशी किती वाजता निघाल्या?"

मी सांगितलं.

"पळसदरीला किती वाजता?"

तेही सांगितलं.

"सायकलवरून उतरल्या कुठं?"

"धर्माभाऊ," मी म्हणाले, "मी वाटेत कुठं थांबले नाही. खरंच नाही."

ते गोंधळले. "नाय नाय, तसं नाय. मला जागा पायजे. पाय कुठं हरले, ती जागा."

त्यांनी मला सोबत चालवत नेलं. जिथं मी उतरले होते तिथल्या दगडावर खडूनं फुली मारली. पुन्हा जिथं सायकलवर बसले होते तिथं दुसरी. अशा पाच फुल्या झाल्या. दोन फुल्यांमधलं अंतर ते पावलांनी मोजत होते, ओठ हलत होते, आणि मी गप्प होते. परत येताना म्हणाले, "वेळ सपाटीवर नाय गेला. वेळ हितं गेला." मग बरंच चालून झाल्यावर म्हणाले, "सायकल माज्याकडं ठेवा आठ दिस."

आठ दिवसांचे दोन महिने झाले. तोवर मी दुसऱ्या एका सायकलीवर भागवलं. शेवंता बाळंतपणानंतर बापाकडे आली होती ती दुकानातच बसू लागली होती. ती माझ्याशी बोलत नसे. मी आले की मान खाली घालून तारेला कागद गुंडाळत राही.

धर्माभाऊंनी एका मोडीत गेलेल्या जीपचा डायनॅमो मिळवला होता. जीप चालताना वीज तयार करतो तो. त्याला उलट वीज दिली तर तोच मोटरीसारखा फिरतो, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. तो त्यांनी पूर्ण उघडून आपल्या पद्धतीनं नव्यानं भरला, मागच्या चाकाशेजारी बसवला आणि चेननं चाकाला जोडला. बॅटरी मधल्या दांड्याखाली लोखंडी पट्ट्यांत अडकवली. हँडलवर एक खटका. पायडल जसं होतं तसंच ठेवलं.

शेजारच्या चहाच्या हॉटेलातली सगळी गिऱ्हाइकं तेव्हा दुकानापुढं उभी असायची. प्रत्येकाचा एकच प्रश्न. "धर्माभाऊ, पळंल किती रं ही?"

"कोण बसणार? वारा कुठला? रस्ता कुठला?" धर्माभाऊ विचारत.

"आरं, आकडा सांग की एक!"

पण या वेळी मला त्यांचा चेहरा वेगळा दिसत होता. त्यांनाही तो आकडा बघायचा होता.

पहिली चाचणी सपाट रस्त्यावर झाली. मी बसले, खटका दाबला आणि सायकल माझ्याखालून निघूनच जाते की काय असं वाटलं. पदर कमरेला खोचलेला होता तरी फडफडत होता. एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत माझ्या घड्याळात बघून वेळ घेतली. नाडी मोजायचं घड्याळ, त्यात सेकंदाचा काटा होता. हॉटेलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, एस्टीला मागं टाकील. धर्माभाऊ हसले. ते असे दात दाखवून हसलेले मी क्वचितच पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन चढावर गेले. पहिल्या फुलीपर्यंत ती धावली, मग रडू लागली, मग जागीच थांबली. मी खटका दाबून धरला होता. मागून जळका वास आला आणि धूर निघाला.

बॅटरीसकट ती सायकल ढकलत आणणं म्हणजे काय ते सांगून समजायचं नाही. दुकानात पोचले आणि सायकल भिंतीला लावली. धर्माभाऊंनी खाली वाकून मोटरीचा वास घेतला. बराच वेळ वाकूनच राहिले.

"हिला मी मारली," ते म्हणाले.

मग मला बाकावर बसवून त्यांनी समजावून सांगितलं. तसं सोपं समजावणं मी नंतर कुणाकडून ऐकलं नाही.

"मोटर फिरती ना, तवा ती आपल्या पोटात उलटी वीज करती. जास्त फिरली की उलटी वीज जास्त. ती बॅटरीच्या विजेला आडवी येती. दोघी जवळजवळ बरोबरीला आल्या की मोटरीला आणखी पळायला जोर उरत नाय. बाहेरून वारा असतोच. वेग दुप्पट झाला की वारा चौपट आडवा येतो. तिचा जोर आन बाहेरची अडवणूक सारखी झाली की तो तिचा वेग. तार मोजकी भरली, मोटरीवरचं दात्याचं चाक मोठं घेतलं, तर तो वेग वाढतो. मी तेच केलं."

"मग जळली का?"

"चढावर ती थांबली. थांबली म्हणजे उलटी वीज नाय. आडवं यायला कुणी नाय. बॅटरीतली सगळी वीज आत घुसली. लोक इचारत होते किती पळंल. मी त्यांचं ऐकलं. तुमी उतरल्या कुठं, ते मीच मोजलं व्हतं आन मीच इसरलो."

शेवंता कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती उठली, जळालेली मोटर पुढ्यात ओढली आणि तार कापायला लागली. बापाला म्हणाली, "ह्या टायमाला वेढे मी मोजते. तुमी लोकांशी बोला."

दुसऱ्यांदा भरली तेव्हा वेढे जवळजवळ दुप्पट घातले आणि मोटरीवरचं दात्याचं चाक लहान बसवलं. लशींचा डबा हँडलवर यायचा बेत होता, तो वारा अडवतो म्हणून मागेच ठेवला. टायरमधली हवा ते रोज अंगठ्यानं दाबून बघत. मला म्हणाले, वारा समोरून असला की थोडं वाकून बसत जा. मी म्हटलं, नर्सबाई वाकून सायकल मारते म्हणून सगळं गाव हसेल. त्यावर त्यांनी जरा विचार करून सांगितलं, "मग ऱ्हाऊ द्या. तेवढा वेळ चढावर काढू."

सपाटीवर ही सायकल इतकी हळू होती की एकदा पोस्टमन मला ओलांडून पुढं गेला आणि वळून हसला. हॉटेलवाले म्हणाले, "धर्माभाऊ, आधीची पळत व्हती ती कुठं गेली?" पण मी चढाला लागले, पायडल मारत खटका दाबला, आणि सायकल तक्रार न करता वर चढली. पहिली फुली गेली. दुसरी गेली. तिथं मोटर कुरकुरली, पण थांबली नाही. पाचव्या फुलीजवळ मी उतरले. दमले म्हणून नव्हे. पाय जमिनीला लागल्याशिवाय विश्वास बसत नव्हता. घड्याळात पाहिलं, सतरा मिनिटं वाचली होती.

मी दुकानात येऊन आकडा सांगितला. धर्माभाऊंनी हाताची मागची बाजू मोटरीला लावून पाहिली. "गरम हाय, पण हात ठेवता येतो," एवढंच म्हणाले.

त्यानंतर दीडेक वर्ष ती सायकल चालली. जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले, त्यांना ती फार आवडली. अशा आणखी करवून घेऊ, असं म्हणून त्यांनी धर्माभाऊंना बोलावून घेतलं आणि कागद पुढे ओढला.

"कमाल वेग किती?"

"साहेब, बसणार कोण?"

"कोणी का बसेना. वेग सांगा."

"तुमी बसला तर कमी. बाई बसल्या तर जास्त. बॅटरी भरलेली आसंल तर येगळा, येताना दमलेली आसंल तर येगळा. चढावर..."

"हे बघा, इथं एक रकाना आहे आणि त्यात एकच आकडा मावतो."

"मग रिकामा ठेवा," धर्माभाऊ म्हणाले. उद्धटपणा नव्हता, त्यांना खरोखर तोच मार्ग दिसत होता. "आन त्याच्या बाजूला लिवा, पळसदरीचा चढ न उतरता चढती."

साहेबांनी हसून कागद मिटला. महिन्याभरानं पत्र आलं. सरकारी सायकलीत परवानगीशिवाय बदल केल्याचं आढळून आलं आहे, तरी ती त्वरित पूर्ववत करावी. मला तर रडूच आलं. धर्माभाऊंनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. सायकल त्यांची."

त्यांनी मोटर काढली, पट्ट्या काढल्या, भोकं बुजवली, रंगाचा हात दिला. जुनी घंटीसुद्धा जपून ठेवलेली होती, ती परत बसवली. दोन दिवसांनी शेवंता दवाखान्यात आली. आपण होऊन ती पहिल्यांदाच आली होती. दारात एक जुनी पुरुषी सायकल, मधला दांडा कापून वाकवून घेतलेला, म्हणजे साडीत बसता यावं, आणि मोटर तिथंच, तशीच.

"ही आमची हाय," ती म्हणाली. "तुमी नुसती वापरायची. हिच्यावर कुणाचा कागद नाय."

त्या दिवशी मी तिला चहा विचारायचं विसरले, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या सायकलीनं मी किती वेळा वेळेवर पोचले ते मी मोजलेलं नाही. एक प्रसंग सांगते. एप्रिलातली दुपार. ठाकूरवाडीच्या खालच्या अंगाला ठाकर आदिवासींची काही घरं होती, तिथली एक बाई बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. निरोप आणणारा तिचा नवरा. त्याला मी म्हटलं, तू मागून ये. रस्ता संपला तिथं सायकल आंब्याखाली टाकली आणि उरलेली वाट पायी धावले. इंजेक्शन दिलं, पोट चोळत बसले. तासाभरानं रक्त थांबलं. आणखी उशीर झाला असता तर तिच्यात काही उरलं नसतं. चादरीवरूनच कळत होतं.

संध्याकाळी मी दुकानात गेले. धर्माभाऊंचे ओठ हलत होते. मी उंबऱ्याशी उभी राहिले. मोजणी संपल्यावर त्यांनी मान वर केली.

"चढावर तार तापली का?"

"नाही."

"मोटर?"

"हात ठेवता येत होता." मग मी सांगितलं, "धर्माभाऊ, बाई वाचली."

ते उठून मागच्या अंगणात गेले, हौदावर बसून साबण लावून हात धुऊ लागले. कितीतरी वेळ धूत होते. शेवंतानं एकदा तिकडे पाहिलं आणि माझ्यासाठी चटई पसरली. "बसा बाई," म्हणाली, "त्यांना येळ लागंल." त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा नीट बोललो. तिच्या बाळाचा विषय तिनंच काढला. त्याचे केस खूप होते, असं ती म्हणाली. ते मला आठवतं का, असं तिनं विचारलं. मला आठवत होतं.

पुढं माझी बदली माणगावच्या बाजूला झाली. सायकल मी परत केली, ती नव्या नर्सनं काही दिवस वापरली असं ऐकलं. जिल्ह्याचं नाव बदललं. दुकान शेवंता चालवते, तिचं काम बापापेक्षा नेटकं आहे, असं कर्जतहून येणारी माणसं सांगत. मी पत्र लिहीन म्हणत राहिले.

धर्माभाऊंना मी शेवटचं पाहिलं ते खालापूरहून कर्जतला जाणाऱ्या बसमधून. भाताची लावणी चालली होती. पळसदरीच्या अलीकडे म्हशींचा कळप आडवा आला म्हणून बस थांबली. रस्त्याला लागून शेत होतं, त्यात बायका ओळीनं वाकून रोपं लावत होत्या आणि बांधावर धर्माभाऊ उभे होते. डोक्यावर पावसाचं इरलं, हात पाठीशी. खूप वाळले होते. मी खिडकीतून बाहेर वाकून हाक मारली, "धर्माभाऊ!"

त्यांना ऐकू आलं. पण एक कान गेला असावा, कारण हाक कुठून आली ते त्यांना उमगलं नाही. ते वळले ते नेमके उलट बाजूला, डोंगराकडे. मी पुन्हा हाक मारली. त्यांनी इरलं मागं सरकवलं, डोळ्यांवर हात धरला आणि तिकडेच बघत राहिले. लावणीतल्या एका बाईनं मान वर करून माझ्याकडे बोट दाखवलं, पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

म्हशी पार झाल्या. बस सुटली. धर्माभाऊंनी डोंगराकडे तोंड करूनच हात वर केला आणि हाक मारणारा जो कोणी तिकडे असेल त्याच्यासाठी तो बराच वेळ हलवत राहिले.